राणीची सोनी: घोड्याच्या सोबतीला गाढव

एरवी आपण इथे कोड, बग आणि नोकरीबद्दल बोलतो. आज मात्र मी गाढवाबद्दल बोलणार आहे. हसा, मीही हसलो होतो.

सासवडजवळ माझ्या मामांची शेती आहे. त्यांच्याकडे राणी नावाची घोडी होती, वरातीची. वय झालं म्हणून तिला घरीच ठेवलेली. तिच्या जोडीचा घोडा मामांनी विकला आणि राणी दिवसभर कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालायला लागली. सारखी खिंकाळायची, चारा अर्धा टाकायची. घोडा हा कळपातला प्राणी, एकटा राहिला की खचतो. दुसरा घोडा परवडणारा नव्हता. मामा म्हणाले, "गाढव आणू."

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. काठेवाडी, गावठी, सगळी असतात. दात बघून वय ठरतं. तिथून आम्ही सोनीला आणलं.

मी आपला सवयीप्रमाणे रात्री लॅपटॉप उघडून वाचत बसलो. पहिली गोष्ट कळली ती जंतांची. गाढवाच्या फुप्फुसात जंत असले तरी ते बहुतेक वेळा ठणठणीत दिसतं, पण तेच जंत घोड्याला झाले की त्याला खोकला लागतो. म्हणून सोनीला आधी वेगळं बांधलं, शेण तपासून घेतलं, जंताचं औषध दिलं आणि मगच राणीजवळ सोडलं.

दुसरी गोष्ट खाण्याची. गाढव मूळचं कोरड्या मुलखातलं, त्याला कडब्यासारखा रुक्ष चारा पुरतो. आम्ही राणीचे हरभरे तिलाही घातले आणि काही महिन्यांत तिच्या मानेवर चरबीची वळी आली. मग खाण्याच्या वेळी दोघींना वेगळं करायला लागलो. तिसरी गोष्ट, गाढवाच्या केसांतून पाणी घोड्यासारखं निथळत नाही, ते आत मुरतं. पावसात डोक्यावर छप्पर हवंच.

आणि स्वभाव! फटाका वाजला की राणी उधळायची, सोनी जागच्या जागी उभी राहून अंदाज घ्यायची. आपण याला हट्टीपणा म्हणतो. गंमत बघा, 'अडेलतट्टू' शब्दातलं तट्टू म्हणजे लहान घोडा. तरी नाव मात्र गाढवाचं खराब!

दोघी दीड वर्ष छान राहिल्या. गेल्या पावसाळ्यात राणीला पोटशूळ झाला आणि रात्रीतून ती गेली. मी तेव्हा तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी सोमवार, दहाची मीटिंग. मीच घाई केली. सोनी मागच्या गोठ्यात बांधलेली असतानाच पहाटे जेसीबी बोलावून राणीला पुरलं आणि पुण्याला निघालो.

दोन दिवसांनी मामांचा फोन आला. "अरे, सोनी तोंड लावंना कशाला."

मला वाटलं, दुःख आहे, होईल कमी. नशीब, मामांनी डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं की गाढवाने खाणं सोडलं, तर अंगातली चरबी वितळून रक्तात उतरते आणि लिव्हर निकामी होऊ शकतं. जाड गाढवाला तर धोका जास्त. म्हणजे आमचे हरभरे इथे नडले. चार दिवस सलाइन चालू होतं. पाचव्या दिवशी तिने मामांच्या हातून कडब्याची एक काडी घेतली. मामा फोनवर रडत होते.

डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "तिला राणीजवळ थोडा वेळ उभं राहू द्यायचं होतंत. हुंगतात, बघतात, मग आपणच बाजूला होतात. तुमच्या सोनीसाठी राणी अजून कुठेतरी हरवलेलीच आहे."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. राणीला सोबत हवी म्हणून आम्ही सोनीला आणलं, पण सोनीला कोणाची सोबत हवी हे कोणी विचारलंच नाही. गाढवाचं खरं मन गाढवातच रमतं. यंदा जेजुरीहून आम्ही दुसरी गाढवीण आणली आहे. दोघी एकमेकींच्या माना खाजवत उभ्या असतात.

तेव्हा घोड्याच्या सोबतीला गाढव आणणार असाल, तर शक्यतो दोन आणा. आणि कोणी खाणं सोडलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

चला, पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!