उसनी दिलेली कुऱ्हाड



शेजाऱ्याने कुऱ्हाड उसनी मागितली, तर आपण सहसा नाही म्हणत नाही. पण तीच कुऱ्हाड त्याने कुणाच्या डोक्यात घातली, तर पुढच्या खेपेस देताना आपला हात आखडतो. एक देश दुसऱ्याला बंदुका आणि लष्करी शिक्षण देतो, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो.

मध्य अमेरिकेत एल साल्वादोर हा चिमुकला देश आहे. १९८१ च्या डिसेंबरात तेथील अत्लाकात्ल पलटणीने एल मोसोते या खेड्यात व आसपास शेकडो माणसे मारली. त्यांत बायकामुले पुष्कळ. ही पलटण शिकवून तयार केली होती अमेरिकेच्या लष्करी सल्लागारांनी.

बरे, अमेरिकेत त्या वेळीही कायदा होताच. साल्वादोरचे सरकार मानवी हक्कांसाठी झटत आहे, असा दाखला अध्यक्षांनी दर सहा महिन्यांनी दिला तरच मदत चालू राहायची. २७ जानेवारी १९८२ ला या हत्याकांडाची हकीकत अमेरिकन वर्तमानपत्रांत छापून आली. नवरा आणि चार मुले गमावलेल्या रुफिना आमाया या खेडूत बाईची साक्ष तीत होती. आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष रेगन यांचा दाखला निघाला! पुढे १९८९ साली याच पलटणीच्या शिपायांनी सहा जेझुइट धर्मगुरू, त्यांची स्वयंपाकीण व तिची मुलगी यांना ठार केले.

साऱ्या सरकारविषयी मोघम दाखला देणे सोपे असते. म्हणून १९९७ साली सिनेटर पॅट्रिक लेही यांनी नेमकी तरतूद आणली. ती एकेका पलटणीकडे पाहते. छळ, बेकायदा हत्या, माणसे नाहीशी करणे, बलात्कार यांची विश्वसनीय माहिती असेल, तर त्या तुकडीला मदत बंद. तेथील सरकारने अपराध्यांना शासन करण्यासाठी खरीखुरी पावले उचलली, तरच ती पुन्हा मिळू शकते.

पण माहिती विश्वसनीय की नाही, हे ठरवते मदत देणारेच सरकार. खरी खोच इथे आहे. रुफिनाबाईंचे सांगणे अधिकाऱ्यांनी तेव्हा मानले नाही. १९९२ साली तेथली जमीन उकरली, तेव्हा लहान मुलांची हाडे वर आली. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने हत्याकांड खरे ठरवले.

गुरुजनहो, नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. गाव कोणते, तारीख कोणती, पलटण कोणती, हे निर्भयपणे सांगणारे माणूस असेल, तरच असल्या कायद्याला काही धार येते.