मत कोणासाठी, मत कोणाविरुद्ध?

मतदानाच्या दिवशी सकाळी अनेक घरांतून एक संवाद ऐकू येतो. मुलगा विचारतो, "अण्णा, यंदा कोणाला द्यायचं?" अण्णा चष्मा पुसत म्हणतात, "कोणाला ते अजून ठरत नाही रे. पण कोणाला द्यायचं नाही, ते मात्र पक्कं आहे." या उत्तराची थट्टा करण्याचे कारण नाही. नकार हाही विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. अडचण पुढे आहे. यंत्रावर अण्णांना एकाच उमेदवाराविरुद्ध नकाराचे बटण दाबता येत नाही. त्याला पाडायचे, तर दुसऱ्या कोणाच्या तरी नावापुढचेच दाबावे लागते. मोजणीच्या टेबलावर ते मत त्या नावाच्या खाती जमा होते आणि अण्णांच्या मनातील कारणाची नोंद कोठेही राहत नाही.

फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत कोणालाही निर्विवाद बहुमत न मिळाल्यास दुसरी फेरी होते. तेथील मतदार पहिल्या फेरीत निवड करतो आणि दुसरीत नको असलेल्याला वगळतो. २००२ साली पहिल्या फेरीत जाक शिराक यांना जेमतेम वीस टक्के मते होती. परंतु समोर ल पेन उरल्यावर डाव्या पक्षांचे मतदारही नाइलाजाने शिराक यांच्यामागे गेले आणि ब्याऐंशी टक्के मतांनी ते विजयी झाले. ती सर्व मते शिराक यांच्यावरील प्रेमाची नव्हती, हे तेथे लहान मुलासही ठाऊक होते. भारतीय मतदाराला ही दोन फेऱ्यांची सोय नाही. 'हवा' आणि 'नको' हे दोन्ही निर्णय त्याला एकाच मतात बसवावे लागतात.

मराठी मतदाराने हे एकदा फार सुंदर रीतीने बसवून दाखविले आहे. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत मृणाल गोरे उभ्या होत्या. ज्येष्ठ श्रोत्यांना ती घोषणा आठवत असेल : 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में'. घोषणेचे दोन अर्धे नीट पाहावेत. उत्तरार्ध विरोधाचा आहे. पण पूर्वार्ध विरोधाचा नाही. गोरेगावातील नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडलेली, लाटणे मोर्चे काढणारी, आणीबाणीत कारावास भोगलेली बाई संसदेत जावी, असे लोकांना खरोखर वाटत होते. समाजवादी विचारांशी ज्यांचे कधी जमले नाही, अशा घरांतूनही त्यांना मते पडली; आणि ती देताना कोणाला फारसे कसनुसे वाटले नाही.

उत्तर-मध्य मुंबईतील प्रसंग अधिक कठीण होता. तेथे जनता पक्षाच्या आघाडीच्या उमेदवार होत्या अहिल्या रांगणेकर; पक्ष मार्क्सवादी कम्युनिस्ट. जनसंघाच्या ज्या मतदाराने आयुष्यभर लाल बावट्याचा प्रतिवाद केला, त्याच्यापुढे आता त्याच बावट्याची उमेदवार होती. त्याने काय करावयाचे? आणीबाणी पुकारलेली, वृत्तपत्रांवर नियंत्रण, हजारो माणसे विनाचौकशी स्थानबद्ध, संघावर बंदी, खुद्द लोकसभेची मुदत वाढविलेली. अशा वेळी विळ्या-हातोड्याशी असलेला वाद पुढे कधी घालता येईल. पण वाद घालण्याची जागाच नाहीशी झाली तर तो कोठे घालणार? मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या, त्यांत ही एक होती. येथे विरोधाचे मत योग्य होते. वैचारिक शुद्धतेच्या नावाखाली त्या दिवशी घरी बसलेला मतदार शुद्ध राहिला असेल, उपयोगी मात्र ठरला नाही.

परंतु १९७७ ची दुसरी बाजू रायबरेलीत दिसते, आणि तिच्याकडे पाहण्याचे टाळले जाते. १९७१ साली राजनारायण यांचा तेथे इंदिरा गांधींनी एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला होता. त्या निवडणुकीविरुद्ध त्यांनी चिकाटीने याचिका लढविली आणि १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरविली. पुढे १९७७ च्या मार्चमध्ये रायबरेलीने त्यांना ५५,२०२ मतांनी निवडून दिले. देशाचा पंतप्रधान स्वतःच्याच मतदारसंघात पडण्याचा तो प्रसंग. आता प्रश्न असा, की ही मते राजनारायण यांच्यासाठी होती काय? काही असतील, याचिकेचा लढा साधा नव्हता. बहुसंख्य मते मात्र नसबंदीच्या सक्तीविरुद्ध, पोलिसी दहशतीविरुद्ध होती. राजनारायण हे त्या रोषाचे वाहन होते. वाहन कोठवर नेईल, ही चौकशी कोणी केली नाही.

ते वाहन कोठे गेले, हे सर्वश्रुत आहे. राजनारायण मोरारजीभाईंच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले, १९७८ साली त्यांना मंत्रिमंडळाबाहेर पडावे लागले, आणि १९७९ च्या जुलैमध्ये जनता पक्ष फोडण्यात त्यांनीच पुढाकार घेतला. ज्या जनसंघीयांनी त्यांच्या विजयासाठी पायपीट केली, त्यांच्याच दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटविणाऱ्यांत ते होते. नंतर चरणसिंग पंतप्रधान झाले ते इंदिरा काँग्रेसच्या पाठिंब्यावर. तो पाठिंबा निघाला आणि लोकसभेला सामोरे न जाताच त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे ज्यांना सत्तेबाहेर ठेवण्यासाठी रायबरेलीने मत दिले, त्यांच्याच हाती अडीच वर्षांत सरकारचे आयुष्य गेले. १९८० च्या जानेवारीत काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या आणि त्याच रायबरेलीने राजमाता विजयाराजे शिंदे यांना नाकारून इंदिरा गांधींना पुन्हा निवडले.

यावरून १९७७ चे मत वाया गेले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्याच लोकसभेने १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती केली. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारण वगळून त्या जागी 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले. मंत्रिमंडळाच्या लेखी सल्ल्यावाचून आणीबाणी पुकारता येणार नाही असे ठरले. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे झाली. विरोधाच्या मताने जे मागितले होते, ते त्याला मिळाले. जे मागितलेच नव्हते, म्हणजे एकदिलाने चालणारे सरकार, ते मिळाले नाही. यात मतदाराची फसवणूक झाली असे म्हणण्यापेक्षा त्याची मागणीच तेवढी होती, असे म्हणणे अधिक खरे.

म्हणून विरोधी मत देण्यापूर्वी पणाला काय लागले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. खेळाचे नियमच मोडले जात असतील, तर समोरचा उमेदवार अप्रिय असला तरी चालेल. पण गटार, शाळा, सिंचन, बाजारभाव हा विषय असेल, तर 'तो पडला पाहिजे' एवढे पुरे पडत नाही. कारण पडलेला माणूस घरी जातो आणि निवडून आलेला पाच वर्षे राहतो. महापालिकेच्या निवडणुकीत दिल्लीच्या रागाने वॉर्डाचा नगरसेवक निवडणारे सुशिक्षित मतदार थोडे नाहीत, आणि पुढे तुंबलेल्या नाल्याबद्दल सर्वाधिक तक्रार तेच करतात!

मग 'नोटा' आहेच की, असे कोणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने ती सोय आली खरी. २०२४ साली इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर 'नोटा'ला दोन लाखांवर मते पडली. विजयी उमेदवार तरीही अकरा लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आला. लोकसभा-विधानसभेत 'नोटा' रोष नोंदविते, निकाल बदलीत नाही. दोन्ही उमेदवार खरोखर सारखेच अयोग्य असतील तर ती प्रामाणिक नोंद आहे. एरवी कमी वाईट कोण याचा शोध घेण्याचा कंटाळा तिच्याआड लपतो.

प्रचाराला निघणाऱ्या कार्यकर्त्याच्या वाट्याला यात एक काम येते. दारात उभे राहून प्रतिपक्षाचे दोष सांगणे सोपे असते. दहा मिनिटांत ते पाठ होतात. घरातल्या आजी ते शांतपणे ऐकून घेतात आणि मग विचारतात, "ते वाईट, हे कळलं बाळ, पण तुमचा माणूस काय करणार आहे, ते सांग ना." त्या घरी पुढची दहा मिनिटे बोलता येईल इतके आपल्या उमेदवाराविषयी ठाऊक नसेल, तर दुसऱ्या दाराशी जाण्यापूर्वी कार्यकर्त्याने आधी उमेदवाराकडेच जाऊन ते विचारून घ्यावे.