गोठलेल्या जमिनीवरचा संसार
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लेखी गोषवारा)



ग्वाल्हेरच्या हवेबद्दल आपण सगळेच अधिकाराने बोलतो. जानेवारीत पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि रजईतून हात बाहेर काढवत नाही. मे महिन्यात लू सुटली की तोच पारा पंचेचाळिशी गाठतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपण हे जरा अभिमानानेच सांगतो. आज ज्या गावाबद्दल बोलणार आहे, तिथे नोंदलेल्या नीचांकात आणि उच्चांकात १०५ अंशांहून अधिक अंतर आहे.

गावाचे नाव वेर्खोयान्स्क. ते रशियाच्या ईशान्येला, सैबेरियातल्या याकुतिया प्रांतात, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे. हा एकटा प्रांत जवळजवळ आपल्या भारताएवढा, पण लोकवस्ती साधारण दहा लाख. वेर्खोयान्स्कला फेब्रुवारी १८९२ मध्ये उणे ६७.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याच प्रांतातल्या ओयम्याकोन या वस्तीत १९३३ च्या फेब्रुवारीत उणे ६७.७. उत्तर गोलार्धात माणसांच्या कायमच्या वस्तीत याहून कडक थंडीची नोंद नाही.

तुम्ही विचाराल, उत्तर ध्रुव तर याहून वर, मग तिथे जास्त थंडी का नाही? ध्रुवावर बर्फाच्या खाली समुद्र आहे आणि समुद्र कितीही थंड असला तरी वरच्या हवेला थोडी ऊब देत राहतो. याकुतियाला तो आधार नाही. हिवाळ्यात सूर्य जेमतेम दिसतो किंवा दिसतही नाही. आकाश निरभ्र, हवा कोरडी, जमिनीवर बर्फ, त्यामुळे असेल नसेल ती उष्णता आकाशात निघून जाते. थंड हवा जड असते. ती डोंगरांवरून घसरत दरीत उतरते आणि वाटीत पाणी साचावे तशी साचून राहते. ही दोन्ही गावे अशाच खोलगट जागी आहेत. वारा नसल्याने ती हवा हलतही नाही. उन्हाळ्यात उलटा प्रकार. सूर्य मावळतच नाही आणि उन्हाचा ताव कमी करायला समुद्र जवळ नाही. म्हणून तिथे तिशी ओलांडणारे दिवस पूर्वीही येत असत.

अशा हवेत माणसे राहतात कशी? इथेच खरी गंमत आहे. ती थंडीशी झगडून राहत नाहीत, थंडीच्या भरवशावर राहतात. तिथली जमीनच बारमाही गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा मीटर-दोन मीटरचा थर सुटतो, खालची माती दगडासारखी घट्ट. एकोणिसाव्या शतकात शेर्गिन नावाच्या व्यापारी गृहस्थाने याकुत्स्क शहरात पाण्यासाठी विहीर खोदायला घेतली. वर्षानुवर्षे खोदून सुमारे ११६ मीटर खाली गेले, तरी माती गोठलेलीच. पाणी लागले नाही, पण विज्ञानाला फायदा झाला. त्या विहिरीत तापमापक सोडून शास्त्रज्ञांनी जमिनीच्या पोटातली थंडी मोजली.

या घट्ट जमिनीवर तीन लाखांहून अधिक वस्तीचे याकुत्स्क उभे आहे. इमारती खोल रोवलेल्या खांबांवर, आणि तळमजल्याखाली मोकळी जागा. घरातली ऊब जमिनीला लागली तर ती वितळेल आणि घर खचेल, म्हणून ही सोय. पाण्याचे नळही जमिनीवरूनच नेलेले. खेड्यांत मांस-मासळी ठेवायला जमिनीत तळघर खणतात, वीज लागत नाही. प्यायच्या पाण्यासाठी नदीतल्या बर्फाच्या लाद्या कापून साठवतात. हिवाळ्यात गोठलेल्या नद्या हेच रस्ते, त्यांवरून मालाचे ट्रक जातात. थोडक्यात, आपल्याकडे पावसाला जे स्थान, ते तिथे गोठण्याला. ते वेळेवर झाले नाही तर सगळा हिशेब चुकतो.

तिथली मोठी नदी लेना दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वसंतात वरच्या भागातले बर्फ आधी सुटते, खालचे गोठलेलेच असते. सुटलेल्या बर्फाचे तुकडे पुढे अडकून धरण तयार होते आणि पाणी मागे फुगते. मे २००१ मध्ये लेन्स्क गाव असेच बुडाले. बर्फ फोडायला विमानांतून बॉम्ब टाकावे लागले.

आता २० जून २०२० या दिवसाकडे येतो. त्याच वेर्खोयान्स्कला त्या दिवशी ३८ अंश तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने पडताळणी करून डिसेंबर २०२१ मध्ये ही नोंद ध्रुववृत्तावरच्या प्रदेशातला उच्चांक म्हणून मान्य केली. एका दिवसाची ती लहर नव्हती. त्या वर्षीचे पहिले सहा महिने सैबेरियात सतत ऊब होती. माणसाने वाढवलेल्या तापमानाशिवाय असे होणे जवळजवळ अशक्य होते, असे अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखवले. पुढच्याच वर्षी याकुतियातली जंगले इतकी पेटली की धूर उत्तर ध्रुवापर्यंत पोचला.

कुणी म्हणेल, थंडी गेली कुठे? जानेवारी २०२३ मध्येही याकुत्स्कला पारा उणे पन्नाशीच्या खाली गेलाच होता. खरे आहे. पण जमिनीला एका रात्रीच्या थंडीने फरक पडत नाही. तिच्याकडे वर्षानुवर्षांची सरासरी पोचते, आणि ती सरासरी चढते आहे. वेर्खोयान्स्कजवळ बातागाय येथे १९६० च्या दशकात झाडे तोडली गेली, सावली हटली, जमीन सुटू लागली. आज तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीचा खड्डा आहे आणि तो वाढतोच आहे. खेड्यांत कुरणे खचतात, घरे कलतात. शहरात इमारतींखालच्या जमिनीचे तापमान मोजत राहावे लागते, काही ठिकाणी जमीन थंड ठेवणाऱ्या नळ्या बसवतात. थंडीच्या राजधानीत जमीन गार ठेवायला यंत्रणा लागावी, यातच सगळे आले.

याचा आपल्याशी संबंध काय? दोन आहेत. जगभरच्या गोठलेल्या जमिनीत जुन्या झाडापाल्याचा इतका कार्बन कोंडलेला आहे की तो सध्या वातावरणात असलेल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट भरतो. त्यातला काही भाग जरी सुटला तरी ऊब सगळ्यांनाच वाटून घ्यावी लागेल. दुसरा संबंध पावसाचा. हिमालयात बर्फ जास्त पडले की आपला मोसमी पाऊस कमी होतो, असे ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले. १९७६ मध्ये हान आणि शुक्ला यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून तसेच नाते युरोप-आशियाच्या बर्फाशी दाखवले. ते दरवर्षी तंतोतंत जुळत नाही, पण उत्तरेचे बर्फ हा आपल्या पावसाच्या अभ्यासातला विषय आहे. ब्लॅनफर्ड ज्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख, त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले. पुण्यातल्या आपल्या नातेवाइकांच्या तोंडी अजून 'शिमला ऑफिस' असते, ते त्याचेच.

१८९२ ची ती नोंद आज हाताशी आहे, कारण त्या भयंकर थंडीत कुणीतरी रोज बाहेर जाऊन तापमापक वाचत होते. त्या वहीमुळेच आज आपल्याला कळते की काय बदलले. आपल्या घराघरांतही जुनी माणसे आहेत. विहिरीला पाणी कधीपर्यंत असायचे, लू कधी सुरू व्हायची, कोणत्या साली धुके किती दिवस टिकले, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना विचारा, आणि तारखेसकट लिहून ठेवा. एवढी विनंती करून थांबतो.