मोठ्या चाकांची गाडी आणि जॅकची उंचवणी

अमेरिकेंतील युटा राज्यांत मोआब नांवाचें एक लहान गांव आहे. सभोंवार तांबड्या वालुकाश्माचे डोंगर आहेत, आणि त्या डोंगरांच्या उघड्या पाठीवरून गाडी चढविण्याचा नाद असलेली माणसें दूरदूरून तेथें जमतात. १९६७ सालापासून ईस्टरच्या सुमारास जीपगाड्यांचा तेथें मेळाच भरूं लागला. या गाड्या पाहिल्या म्हणजे प्रथम डोळ्यांत भरतात तीं त्यांचीं चाकें. कारखान्यांतून येतात त्याहून कितीतरी मोठीं, ३५, ३७, क्वचित् ४० इंच व्यासाचीं. चाकें वाढलीं कीं स्प्रिंगा उंच कराव्या लागतात, आणि गाडीचें पोट माणसाच्या मांडीपर्यंत वर जातें. डोंगरांत हा थाट शोभतो. घरीं परतल्यावर चाक बदलण्याची वेळ आली म्हणजे मात्र मालकाच्या ध्यानांत येतें, कीं घरचा जॅक या गाडीला पुरतच नाहीं.

हा घरचा जॅक बहुधा ट्रॉली जॅक असतो. चार लहान चाकांची बसकी बैठक, मागें लांब दांडा, पुढें वर-खालीं होणारा एक बाहु, आणि बाहूच्या टोंकाशीं गाडीला टेकणारी पोलादी वाटी, अशी त्याची रचना. तो पुरत नाहीं म्हणून वाटीच्या जागीं बसवावयाचे पोलादी खुंट बाजारांत मिळतात. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. आपण उंचवणी म्हणूं. तीन इंचांची, सहा इंचांची, त्याहूनहि लांब, अशा त्या असतात. दुकानांत उभा राहिलेला गृहस्थ साहजिकच त्यांतली सर्वांत लांब उचलतो. चूक होते ती तेथेंच.

प्रथम कागद-पेन्सिल घेऊन बसावें. समजा, गाडी अखंड ॲक्सलची आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एक पोलादी नळी आरपार गेलेली आहे. जीप रँग्लर या जातीची गाडी अशीच असते. चाक ४० इंचांचें आहे. हवा भरलेलें चाक बसवावयाचें तर त्याचा मध्य जमिनीपासून २० इंच वर हवा. ॲक्सलची नळी तीन इंच जाड धरली, तर तिची खालची बाजू साडेअठरा इंचांवर येईल. हात चालावा म्हणून आणखी एक इंच सोडला, कीं साडेएकोणीस इंच झाले. जॅक १९ इंचांपर्यंत उचलतो असें धरलें, तर उणीव किती? अवघी अर्ध्या इंचाची! चाक ३५ इंचांचें असेल तर हाच हिशेब सतरा इंचांवर येतो, आणि उंचवणीची मुळीं गरजच उरत नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहावी. टायर पंक्चर होऊन पार बसला आहे. चाकाची पोलादी धाव १७ इंचांची असली, तर मध्य आठ-साडेआठ इंच, त्यांत दबलेल्या रबराचे दोनेक इंच मिळवून सुमारें साडेदहा इंचांवर येईल. आणि नळीची खालची बाजू फक्त नऊ इंचांवर. अगदीं खालीं घेतलेला जॅकहि पांच इंच उंच असतो. त्यावर सहा इंचांची उंचवणी चढविली कीं अकरा झाले; तो नळीखालीं शिरावयाचाच नाहीं! तीन इंचांची मात्र आठ इंचांत बसते आणि वरची अर्ध्या इंचाची उणीवहि भरून काढते. लांब उंचवणी घेऊन घरीं आलेल्या गृहस्थाला हें भर पावसांत, रस्त्याच्या कडेला कळतें.

मग बारा-बारा इंचांच्या उंचवण्या कोणी विकत घेतें तें कां? लहान मोटारीची संवय सुटत नाहीं म्हणून. लहान मोटार कडेच्या पट्टीला जॅक लावून उचलावयाची असते. तोच हात येथें चेसिसकडे जातो. परंतु चेसिस वर जाऊं लागली म्हणजे चाक तिच्याबरोबर उठत नाहीं. दबलेली स्प्रिंग आधीं सैल होते, ॲक्सल खालीं लोंबत राहतो, आणि पांच-सहा इंच उचलूनहि टायर जमिनीलाच चिकटलेला दिसतो. तेवढे सर्व इंच फुकट जातात. चेसिसच धरणें अपरिहार्य असेल, उदाहरणार्थ स्प्रिंग बदलावयाची नसून नुसतें चाक काढावयाचें आहे आणि ॲक्सलखालीं जागा मोकळी नाहीं, तर उचलण्यापूर्वीं ॲक्सल आणि चेसिस मजबूत पट्ट्यानें एकत्र आवळून टाकावीं. लोंबणें थांबतें आणि लांब उंचवणीची गरजहि तितकी कमी होते.

उंची वाढली तर बिघडतें काय, असें कोणी विचारील. जॅकचा बाहु सरळ वर जात नाहीं. तो एका खिळीभोंवतीं कमानीसारखा फिरतो. म्हणून वाटी वर जातां जातां पुढें-मागेंहि सरकते. फरशीवर जॅकचीं चाकें थोडीं घरंगळतात आणि तो फरक पोटांत घेतात. मुरमाड जमिनीवर, गवतावर, वाळूंत तीं रुततात. मग सरकावयाचें कोणी? गाडीनें, किंवा उंचवणीच्या टोंकानें. टोंकाला बसलेला तोच आडवा रेटा बारा इंचांच्या खुंटाच्या बुडाशीं सहा इंचांच्या मानानें दुप्पट जोर लावतो. तेल दाबून काम करणाऱ्या या यंत्राची मौज अशी, कीं दांडा हलविणाऱ्या हाताला दोन टनांचा भार जाणवत नाहीं. आणि खुंट कलूं लागला आहे हेंहि जाणवत नाहीं. तें डोळ्यांनींच पाहावें लागतें. म्हणून जॅक कठीण जमिनीवर, नाहींतर जाड रुंद फळीवर ठेवावा, आणि तो गाडीच्या पुढून किंवा मागून घालावा, म्हणजे त्याचें सरकणें ॲक्सलला आडवें होतें. बाजूनें घातल्यास खुंटाचें टोंक नळीच्या लांबीवरून घसरूं शकतें.

बसविण्याचें काम सोपें, पण मापाचें आहे. मूळची वाटी कांहीं जॅकांत नुसती उचलून निघते, कांहींत खालून बोल्ट किंवा सर्क्लिपनें धरलेली असते. ती काढून खालच्या भोंकाचा व्यास आणि खोली कॅलिपरनें मोजावी आणि तीं मापें घेऊनच दुकानांत जावें. उंचवणीची दांडी भोंकांत पूर्ण उतरली पाहिजे, तिचा खांदा सर्व बाजूंनीं टेकला पाहिजे, आणि हातानें हलविल्यास ती खडखडतां कामा नये. नळीसाठीं वरचें टोंक खोबणीचें हवें, व खोबण नळीच्या दिशेनें फिरवून मग कसावी. चेसिससाठीं रबर लावलेलें सपाट टोंक चांगलें. उंचवणीवर किती टनांचा आंकडा कोरला आहे तो पाहावा. जॅक तीन टनांचा आणि उंचवणी दोन टनांची असेल, तर सर्व साधन दोन टनांचेंच समजावें. एकीवर दुसरी उंचवणी रचूं नये. पाण्याच्या पाइपाचा तुकडा वेल्डिंग करून "तेवढेंच काम भागतें" म्हणणारे मिस्त्री सर्व देशांत आहेत. लाकडी ठोकळाहि असाच. वाटीचे दांते त्यांत शिरतात, तंतूंच्या दिशेनें तो उभा चिरतो, आणि चिरण्यापूर्वीं सूचना देत नाहीं.

महाराष्ट्रांत थार गाडी घेऊन सह्याद्रीच्या वाटांनीं जाणारीं कुटुंबें आतां पुष्कळ आहेत. २०२० सालीं आलेल्या थारचा मागचा ॲक्सल अखंड आहे, पुढचीं चाकें मात्र स्वतंत्र झुलतात. त्यामुळें मागें ॲक्सलखालीं आणि पुढें पुस्तिकेंत दाखविलेल्या जागींच जॅक लावावा. १८ इंची धावेचें मूळ चाक व्यासानें ३१ इंचांच्या आसपास असतें. तेथें साधा जॅकच पुरतो. आपल्या इकडे गाडीच्या मूळ बांधणींत फेरफार करण्यास १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचें ५२ वें कलम आड येतें, हेंहि चाकें वाढविण्यापूर्वीं वाचून पाहावें.

प्रत्यक्ष उचलतांना दुसऱ्या टोंकाच्या चाकांखालीं दोन्ही बाजूंनीं पाचरी द्याव्या. हातब्रेक बहुधा मागच्याच चाकांना धरतो. मागचीं चाकें उचललीं कीं त्याचा उपयोग संपतो. दोन-तीन इंच उचलून थांबावें, खुंट उभा आहे ना तें लांबून पाहावें, किंचित् कललेला दिसला तरी खालीं घेऊन पुन्हा मांडावा. हव्या त्या उंचीवर येतांच ॲक्सलखालीं स्टँड देऊन भार त्यावर सोडावा. उंचवणी ही चढविण्यापुरती. तिच्या भरंवशावर, मुलगा हातबत्ती धरण्यासाठीं कां होईना, कोणाचाहि हात किंवा डोकें गाडीखालीं जातां कामा नये. जॅकमधील तेल रबरी वॉशरमधून थेंबाथेंबानें झिरपूं शकतें, आणि तें रात्रीं झिरपतें तसें दुपारींहि झिरपतें.

उतरवितांना झडप केसभरच उघडावी. चाक जमिनीला टेकून भार घेऊं लागतें त्या क्षणीं गाडी थोडी हलते, आणि खुंट निसटतो तो बहुतेक त्याच वेळीं. तोंवर घरच्या मंडळींना चार हात लांब उभें करावें. काम झाल्यावर उंचवणी काढून मूळ वाटी लगेच जागेवर बसवावी, नाहींतर पुढच्या खेपेला तोच जॅक घरच्या लहान मोटारीखालीं जाणार नाहीं, आणि ती वाटी नेमकी कोठें ठेवली हें कोणालाच आठवत नसतें.