पाचबत्तीचे पाच आणि सांगशाकचे शेकडो
(पालघर येथील भाषणाचा गोषवारा)



१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी हे पाच जण हुतात्मे झाले. सालवड आज बोईसरच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. तेथे पाळीवर जाणाऱ्या परप्रांतीय कामगारालाही हे नाव कोणी तरी सांगावयास हवे.

परंतु आज मला त्याच महायुद्धात मेलेल्या दुसऱ्या तरुणांविषयी बोलावयाचे आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. विमानातून उडी घेणाऱ्या या छत्रीधारी सैनिकांची पहिली कामगिरी कोणती, तर जुलै १९४२ मध्ये सिंधमधील हूर बंडखोरांवर त्यांची एक तुकडी उतरविण्यात आली. म्हणजे पालघरच्या गोळीबाराच्या जेमतेम महिनाभर आधी साम्राज्याने आपले हे नवे शस्त्र हिंदी माणसांवरच चालवून पाहिले होते. आमच्यापैकी अनेकांनी या सैनिकांना पुढे ‘भाडोत्री’ म्हटले, त्यामागे अशा घटना होत्या.

मात्र मार्च १९४४ मध्ये हीच ब्रिगेड मणिपुरातील सांगशाकच्या टेकडीवर जपान्यांच्या वेढ्यात सापडली. तिच्या जोडीला पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण होती, कोकणातल्या आणि देशावरच्या शेतकऱ्यांच्या मुलांची. काटेरी तारा नव्हत्या, पाणी नव्हते, खडकामुळे खंदक खोल जात नव्हते. पॅराशूटने उडी मारण्याचे शिक्षण घेतलेली ही मुले तेथे आली होती जमिनीवरून. आकाशातून पॅराशूटने पडत होती ती रसद, आणि तीही बहुतांशी शत्रूच्या हाती. सहा दिवस ते लढले. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला. मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे ६०० माणसे गेली; कोहिमाकडे निघालेली जपानी फौज मात्र ऐन मोक्याच्या दिवसांत अडकून पडली.

ही मुले सैन्यात का गेली? हिंदी फौज २५ लाखांपर्यंत वाढली, ती सक्तीच्या भरतीवाचून. पण महागाई होती, पावसावरची शेती होती आणि दरमहा घरी पोचणारी मनीऑर्डर होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. त्या काळात फौजेत नाव घालणाऱ्याला भाडोत्री म्हणणारा बहुधा पोटभर जेवलेला असावा. (हे वाक्य मी वर्गातही बोलत असे, आणि ते सर्वांना रुचत नसे.)

तेव्हा पाचबत्तीच्या स्तंभावर त्यांचीही नावे कोरावीत काय? माझे उत्तर नाही असे आहे. पालघरचे पाच जण कोणाच्या हुकमाने गेले नव्हते. हुकूम मोडावयास गेले होते. तो फरक पुसणे दोघांवरही अन्याय ठरेल. पण फरक राखणे म्हणजे विसरणे नव्हे. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत मेलेल्या आणि थडगेही न लाभलेल्या सुमारे २७ हजार जणांची नावे रंगूनजवळच्या स्मारकावर परक्यांनी कोरून ठेवली आहेत. आपल्या गावांतून त्या युद्धात कोण गेले, याची यादी किती ग्रामपंचायतींकडे आहे?

पालघर १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी घरोघरी जावे. पत्र्याच्या पेट्यांतली पदके, निवृत्तिवेतनाची पुस्तके, पलटणीचे शिक्के असलेले कागद पाहावेत, नाव व गाव उतरवून घ्यावे. ज्यांच्या मांडीवर या सैनिकांचे नातू-पणतू वाढले, त्या म्हाताऱ्या बायकांपासून सुरुवात करावी. त्यांना पलटणीचा क्रमांक ठाऊक नसेल, पण शेवटची मनीऑर्डर कोणत्या सणाला आली ते पुष्कळदा ठाऊक असते.