घसा दुखला, झडप बिघडली

कळव्यात किंवा डोंबिवलीत एका खोलीत पाच-सहा जण झोपत असतील, तर एका पोराचा घसा धरला की धाकट्याचाही धरतो. बहुतेकदा तो आपोआप बरा होतो. पण कारण स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू असेल आणि औषध नीट झालं नाही, तर काही मुलांना दोन-चार आठवड्यांनी ताप भरतो. आज गुडघा सुजतो, परवा घोटा. घरचे म्हणतात, वाढीचं दुखणं!

हा संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीवर. 5 ते 15 वयात जास्त. सांधे बरे होतात, पण जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती हृदयावरच उलटते. बहुधा हृदयातली मिट्रल झडप जाड होते, आक्रसते. पत्ता लागतो तो कित्येक वर्षांनी, कल्याण स्टेशनचा जिना चढताना धाप लागली की, नाहीतर गरोदरपणात.

हा ताप पुन्हा उलटू नये यासाठीचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: दर तीन-चार आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. दुखतं फार, म्हणून पोरं पळतात आणि आयाही विरघळतात. इथेच घात होतो.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं पालिका शाळांत मुलं तपासतात. त्यांच्या यादीत हा आजार आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

झडप फारच बिघडली, तर बदलतात. भारतात बनलेली श्रीचित्रा ही कृत्रिम झडप 1990 साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. धातूची कृत्रिम झडप असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची. दात काढायला जाताना हे डॉक्टरांना आधी सांगा.