मार्गारेटबाईंची शनिवारची सभा

आज आम्ही तुम्हांला लांबच्या देशातल्या एका बाईंची ओळख करून देणार आहोत. पण ऐकताना त्या आपल्याच तालुक्यातल्या वाटतील, बघा.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्य आहे. कापसाचा मुलूख. तिथल्या काळ्या लोकांची गुलामी १८६५ साली कायद्यानं संपली, पण जमीन मालकांकडेच राहिली. लोक वाट्यानं कापूस पिकवायचे, दुकानातून उधारीवर माल उचलायचे, आणि पीक निघालं की सगळं कर्जातच वळतं व्हायचं. अशा भागात, टस्कीगी गावी, १८८१ साली काळ्या मुलामुलींसाठी शिक्षणसंस्था निघाली. बुकर टी. वॉशिंग्टन तिचे पहिले प्रमुख.

मार्गारेट मरे तिथे १८८९ साली शिक्षिका म्हणून आल्या. त्यांची आई लोकांची धुणी धुवायची. मार्गारेटबाई स्वतः काम करत करत पदवीपर्यंत शिकल्या होत्या. वर्षभरातच मुलींच्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि पुढे बुकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. आता साहेबांच्या बायकोला काय कमी? आल्यागेल्याची सरबराई करत दिवस सहज गेले असते.

पण १८९२ साली संस्थेत शेतकऱ्यांची परिषद भरली. शेत, घर, कर्ज, सगळं बोलून झालं. बायकांना मात्र त्यात फारशी जागाच नव्हती, हे मार्गारेटबाईंना खटकलं. शनिवारी खेड्यापाड्यांतून माणसं बाजाराला यायची, तेव्हा बायका रस्त्याच्या कडेला ताटकळत असायच्या. बाईंनी एका जुन्या दुकानावरची माडी मिळवली आणि एका लहान पोराला रस्त्यानं पाठवलं: दिसेल त्या बाईला म्हणावं, वर या.

पहिल्या दिवशी सहाजणी जिना चढून आल्या. पुढे हीच संख्या शेकड्यांवर गेली. बोलणं काय असायचं? घर नीटनेटकं कसं ठेवायचं, मुलांचे कपडे घरी कसे शिवायचे, कोंबड्या पाळून दोन पैसे कसे जोडायचे, दुकानाची उधारी कशी कमी करायची. आपल्या गटात दुसरं काय बोलतो आपण?

पुढे १९१२ ते १९१६ या काळात मार्गारेटबाई काळ्या महिलांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष होत्या. १९१५ साली पती गेले, तरी त्यांनी काम सोडलं नाही. १९२५ साली त्या वारल्या.

मैत्रिणींनो, आम्हांला त्यांचं मोठं पद तितकं मोलाचं वाटत नाही, जितकं त्या पोराला रस्त्यावर धाडणं वाटतं. आपल्या बैठकीला येतात त्या येतातच. पण ऊसतोडीहून परतलेली, वस्तीवर एकटी राहणारी, महिन्याची बचत भरायला जमत नाही म्हणून लाजून घरी बसणारी, तिला कोण बोलावतं? पुढच्या बैठकीआधी अशा एकीच्या दारात जाऊन या. हप्त्याचं नंतर बघू, आधी बसायला ये, एवढंच तिला सांगा.